गोळी मेंदूत जाऊन काय करते?

दुपारची कामं उरकून कुणी शेंगा फोडत असेल, कुणी शिलाई मशिनीवर बसली असेल, कुणी गोठ्याच्या सावलीला टेकली असेल. हात चालू राहू द्या, कान तेवढा इकडे द्या.

मागच्या दोन मंगळवारी आम्ही पॅनिकच्या झटक्याबद्दल बोललो. बसल्याजागी एकाएकी छातीत धडधड सुरू होते, श्वास कोंडतो, हातापायाला मुंग्या येतात, घाम फुटतो आणि आता आपण मेलोच असं वाटतं, तो झटका. त्यानंतर केंद्रावर बरेच फोन आले. त्यातला एका ताईंचा प्रश्न आम्हाला सगळ्यांत महत्त्वाचा वाटला, म्हणून आजचा सगळा वेळ त्यालाच. ताई म्हणाल्या, “डॉक्टरांनी मला गोळी दिली. जावेच्या मुलानं चिठ्ठीवरचं नाव मोबाइलात बघितलं, तर ती डिप्रेशनची गोळी निघाली. मला तर डिप्रेशन नाही. घरात म्हणतात, ती डोक्यावर काम करते, तू पहिल्यासारखी राहायची नाहीस. मी पाकीट पिठाच्या डब्यामागं ठेवून दिलंय. ती गोळी मेंदूत जाऊन करते तरी काय?”

ताई, गोळी घ्यायची की नाही हे तुम्ही आणि तुमचे डॉक्टर मिळून ठरवाल. पण ती काय करते हे विचारायचा तुम्हाला पुरा हक्क आहे. खरं तर चिठ्ठी लिहितानाच कुणीतरी ते सांगायला हवं होतं. बाहेर पन्नास माणसांची रांग असते, डॉक्टरांना वेळ नसतो, आणि आपल्याला विचारायचा धीर नसतो. म्हणून आज आम्ही सांगतो.

आधी एक गोष्ट पक्की करून घेऊ. छातीत दुखलं, धडधडलं की पहिल्यांदा दवाखाना गाठायचा आणि ईसीजी काढायचा. “बाई घाबरली असेल” म्हणून घरी बसवायचं नाही, विशेषतः चाळिशी उलटलेली असेल, शुगर किंवा बीपी असेल तर. थायरॉइड वाढलं तरी धडधड होते, अंगात रक्त कमी असलं तरी होते. हे सगळं तपासून नीट निघालं, आणि तरी झटके पुन्हा पुन्हा येत राहिले, “परत येईल का” या धास्तीनं बाईनं बाजार सोडला, एकटीनं रानात जाणं सोडलं, तर त्याला डॉक्टर पॅनिकचा आजार म्हणतात. पुरुषांपेक्षा बायकांत तो जवळपास दुप्पट आढळतो. झटका काही मिनिटांतच टोकाला जातो आणि मग ओसरतो. त्या झटक्यानं हृदय बंद पडत नाही. पण ज्याला तो आला त्याला हे सांगून पटत नाही, आणि न पटण्याचं कारण मेंदूतच आहे.

रानातल्या वस्तीवर राखणीचं कुत्रं असतं. चांगलं कुत्रं परका माणूस आला की भुंकतं, घरचा आला की शेपूट हलवतं. आपल्या मेंदूतही असं एक राखणीचं कुत्रं आहे. दोन्ही कानशिलांच्या आत, खोलवर, बदामाएवढा एकेक पुंजका असतो. त्याचं नावही बदामावरूनच पडलंय, अमिग्डला. जुन्या ग्रीक भाषेत त्याचा अर्थ बदाम. धोका दिसला की हा बदाम भुंकतो, विचार करत बसत नाही. वाटेत दोरी पडलेली असते आणि आपण साप म्हणून उडी मारतो. उडी मारून झाल्यावर कळतं की दोरी होती. आधी उडी, मग विचार, हा क्रम मेंदूनं मुद्दामच ठेवलाय, कारण खरंच साप असला तर विचार करायला वेळ नसतो.

हा बदाम भुंकला की खाली मेंदूच्या देठापर्यंत निरोप जातो. मान जिथं डोक्याला मिळते तिथं हा देठ. हृदय किती पळवायचं, श्वास किती जोरात घ्यायचा, घाम कधी फोडायचा, ही सगळी कळ तिथं. तिथंच एक बारीकसा निळसर ठिपका आहे, डॉक्टर त्याला निळा ठिपकाच म्हणतात, फक्त लॅटिनमध्ये. तो चेतला की अख्खं अंग पळायच्या तयारीला लागतं. बदामाच्या शेजारी आणखी एक भाग आहे, जागा आणि प्रसंग लक्षात ठेवणारा. त्याचं नाव हिप्पोकॅम्पस. एकदा एसटीत झटका आला तर हा भाग एसटीच लक्षात ठेवतो. मग पुढच्या वेळी नुसता स्टँडवरचा डिझेलचा वास आला तरी कुत्रं भुंकायला लागतं.

आणि या सगळ्यांवर मालक असतो. कपाळाच्या मागचा मेंदू. कुत्रं भुंकलं की मालक दार उघडून बघतो आणि म्हणतो, “गप रे, आपलीच शेळी आहे.” पॅनिकच्या आजारात कुत्रं पानाच्या सळसळीलाही भुंकतं आणि मालकाचा आवाज त्याच्यापर्यंत पोचत नाही. म्हणून सासूबाईंनी किंवा नवऱ्यानं कितीही सांगितलं, “अगं काही नाही झालेलं,” तरी उपयोग होत नाही. ते मालकाशी बोलत असतात, आणि भुंकत असतं कुत्रं.

आता डिप्रेशनची गोळी इथं कशी आली? त्याची एक हकिगत आहे, आणि ती आम्हाला फार आवडते, कारण त्यात खरी गोष्ट आधी नर्सबाईंच्या लक्षात आली.

1950च्या दशकात स्वित्झर्लंडमधल्या रोलंड कून नावाच्या डॉक्टरांना दिसलं की इमिप्रामिन नावाचं औषध खोल उदास झालेल्या माणसांना उठवून बसवतं. तेच औषध 1959च्या सुमारास अमेरिकेत न्यूयॉर्कजवळच्या हिलसाइड रुग्णालयात आलं. तिथं डोनाल्ड क्लाईन नावाचे तरुण डॉक्टर होते. त्यांच्याकडे असे काही रुग्ण होते की ते उदास नव्हते, पण भीतीनं पार मोडून गेले होते. दुसऱ्या औषधांनी फरक पडत नव्हता, म्हणून क्लाईन यांनी हे देऊन बघितलं. काही आठवडे गेले. रुग्णाला विचारलं, “बरं वाटतंय का?” तो म्हणाला, नाही. त्याच्याशी रोज बोलणाऱ्या डॉक्टरांना विचारलं, तेही म्हणाले, काही फरक नाही. पण वॉर्डातल्या नर्सबाई म्हणाल्या, अहो, फरक आहे की! हा माणूस दिवसातून कितीतरी वेळा “मी मरतोय” म्हणून आमच्या टेबलाशी पळत यायचा. आम्ही हात धरून बसायचो, मग तो परत जायचा. आता तो येतच नाही.

रुग्णाला स्वतःला ते जाणवलं नव्हतं. झटके थांबले होते, पण झटका येईल ही धास्ती तशीच होती, म्हणून त्याला वाटत होतं की काहीच बदललं नाही. क्लाईन यांनी त्यावरून ओळखलं की झटका आणि झटक्याची धास्ती या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि औषध आधी झटक्यावर चालतं. पुढं 1980 साली अमेरिकेच्या मनोविकारांच्या अधिकृत यादीत पॅनिकचा आजार वेगळा म्हणून नोंदला गेला. तोवर अशा माणसांवर भलतेच शिक्के बसत होते.

तर ताई, “डिप्रेशनची गोळी” हे नाव नुसतं इतिहासानं पडलेलं आहे. ज्या आजारात पहिल्यांदा गुण आला त्याचं नाव चिकटलं. तापाची, डोकेदुखीची म्हणून आपल्याला माहीत असलेली ॲस्पिरिन हृदयविकार झालेल्या माणसाला रक्तात गुठळी होऊ नये म्हणून देतातच ना. त्याला ताप आहे असं कुणी म्हणत नाही.

आज इमिप्रामिन फारसं देत नाहीत. त्यापेक्षा सोसायला हलक्या गोळ्या आल्यात. एस्सिटॅलोप्रॅम, सर्ट्रालिन, पॅरॉक्सेटिन, फ्लुऑक्सेटिन, ही नावं तुमच्या पाकिटावर असतील. त्या काम कसं करतात ते बघू. ज्यांच्या शेताला कॅनॉलचं पाणी आहे त्यांना हे लगेच कळेल.

मेंदूतल्या पेशी एकमेकींना चिकटलेल्या नसतात. दोघींच्या मध्ये अगदी बारीक फट असते. निरोप द्यायचा असला की एक पेशी त्या फटीत रस सोडते आणि पलीकडची तो टिपते. असे रस अनेक आहेत, त्यातल्या एकाचं नाव सेरोटोनिन. तो तयार करणाऱ्या पेशी मेंदूच्या देठात थोड्याशाच आहेत, पण त्यांचे फाटे सगळ्या मेंदूभर गेलेत, जसा एका धरणाचा कॅनॉल आणि त्याच्या चाऱ्या गावोगाव. बदामापर्यंत चारी जाते, निळ्या ठिपक्यापर्यंत जाते, कपाळामागच्या मालकापर्यंतही जाते.

आता गंमत अशी की रस सोडणारी पेशी तोच रस थोड्या वेळात परत ओढून घेते. जणू चारीच्या तोंडाशी एक पंप आहे आणि तो पाणी मागं खेचतो. गोळी काय करते, तर हा पंप बऱ्याच अंशी बंद करते. नवं पाणी बाहेरून आणत नाही. तुमचंच पाणी तुमच्या शेतात जास्त वेळ थांबू देते. “गोळी मेंदूत काहीतरी परकं भरते” ही समजूत म्हणून बरोबर नाही.

मग पंप तर पहिल्या दिवशीच बंद होतो, गुण यायला इतके आठवडे का लागतात? इथं पाटकरी आडवा येतो. खाली चारीत पाणी साचलेलं बघितलं की पाटकरी वरचं दार खाली घेतो, पाणी कमी सोडतो. मेंदूच्या देठातल्या त्या पेशींवरही असा पाटकरी बसलेला असतो. रस जास्त झालेला दिसला की तो उत्पादन आवळतो. दोन-तीन आठवडे गेले की पाटकऱ्याला या पातळीची सवय होते आणि तो दार पुन्हा उघडतो. मग कुठं पाणी शेवटच्या शेतापर्यंत पोचतं. औषध उशिरा लागण्यामागं पाटकरी हे एक मोठं कारण आहे. दुसरं असं की रस पोचल्यावर पेशींना आपली वागणूक बदलायलाही वेळ लागतो. पाणी दिलं म्हणून गहू दुसऱ्या दिवशी ओंबीला येत नाही.

हे आम्ही इतकं लांबवून सांगतोय ते एका कारणासाठी. पहिल्या आठ-दहा दिवसांत काही बायकांना बरं वाटण्याऐवजी जास्तच बेचैन वाटतं. मळमळतं, डोकं दुखतं, झोप उडते. अंगातलं बहुतेक सेरोटोनिन आतड्यात असतं, म्हणून पोट आधी कुरकुरतं. आधीच घाबरलेल्या बाईला छातीत जरा हललं की वाटतं, झालं, गोळीनं वाढवलं. ती गोळी बंद करते आणि शेजारणीला सांगते, “मला नाही सोसली.” आम्ही गावोगाव हेच ऐकतो. पाटकऱ्यानं दार उघडायच्या आतच शेत सोडून निघून जायचं, तसं हे. म्हणून चांगले डॉक्टर पॅनिकच्या रुग्णाला सुरुवात अगदी थोड्या मात्रेनं करतात, कधी अर्ध्या गोळीनं, आणि हळूहळू वाढवतात. तुम्हाला पहिल्याच दिवसापासून पूर्ण मात्रा दिली असेल आणि फार त्रास होत असेल, तर गोळी फेकू नका. जाऊन सांगा, मात्रा कमी करून मागा.

आता मेंदूत खरंच काही बदलतं हे शास्त्रज्ञांना कळलं कसं? डोकं उघडून तर बघता येत नाही. त्यासाठी एक यंत्र आहे, पेट स्कॅन. मेंदूचं इंधन साखर. किंचित किरणं सोडणारी साखर शिरेतून देतात. मेंदूचा जो भाग जास्त राबतो तो जास्त साखर ओढतो, आणि यंत्राला तो भाग उजळ दिसतो. विजेच्या मीटरवरून कळतं ना, कोणाच्या घरी मोटर चालू आहे, तसंच.

जपानमधल्या संशोधकांनी 2005 साली पॅनिकचे 12 रुग्ण घेतले, ज्यांना औषध चालू नव्हतं, आणि 22 धडधाकट माणसं. सगळ्यांना नुसतं शांत पडून राहायला सांगितलं. रुग्णांचा बदाम, त्याशेजारचा आठवणीचा भाग, देठ, या जागा जास्त साखर ओढताना दिसल्या. झटका चालू नसतानाही! म्हणजे कुत्रं झोपलेलं दिसत होतं, पण कान टवकारून. ज्या घरात “ती उगाच नाटक करते” असं बोललं जातं, त्यांनी हे ऐकावं. पुढच्या वर्षी त्याच गटानं दाखवलं की औषधाविना, नुसत्या बोलण्याच्या शास्त्रशुद्ध उपचारानं बऱ्या झालेल्या रुग्णांत आठवणीच्या भागाची आणि देठाची धावपळ कमी झाली, आणि कपाळामागचा मालक जास्त कामाला लागला.

त्याआधी 2004 साली चेक देशातल्या प्रागमध्ये गोळी आणि बोलणं यांची तुलना झाली होती. तिथंही 12च रुग्ण. काहींना अशाच गोळ्या, काहींना बोलण्याचा उपचार, तीन महिने. दोन्हीकडची माणसं सुधारली. आणि स्कॅनमध्ये बदल दोन्हीकडे बरेचसे सारखे दिसले, कपाळामागच्या आणि कानशिलाजवळच्या भागांत, उजवीकडे काम उतरलेलं, डावीकडे चढलेलं. मात्र बदामात फरक दिसला नाही.

म्हणजे सगळ्या अभ्यासांचं एकमत नाही. बारा-बारा माणसांचे अभ्यास आहेत, यंत्रं वेगळी, रुग्ण वेगळे. “गोळीनं अमुक जागा शांत होते” असं छातीठोक सांगणाऱ्यावर आम्ही तरी डोळे मिटून विश्वास ठेवणार नाही. पण एका गोष्टीचा उलगडा होतो. न्यूयॉर्कच्या जॅक गोरमन या डॉक्टरांनी आणि त्यांच्या सोबत्यांनी 2000 साली असा विचार मांडला की गोळी खालून काम करते आणि बोलणं वरून. गोळी देठातल्या सेरोटोनिनच्या वाटेनं कुत्र्याला आणि निळ्या ठिपक्याला निवांत करते. बोलणं मालकाला खमका करतं. आपल्याला दोन्ही हवेत, हे वेगळं सांगायला नको.

इंग्लंडमध्ये ऑक्सफर्डला 2006 साली आणखी एक प्रयोग झाला. कसलाही आजार नसलेल्या माणसांना एस्सिटॅलोप्रॅमच्या जातीतलीच गोळी फक्त 7 दिवस दिली, काहींना नुसती खोटी गोळी. मग घाबरलेले चेहरे इतक्या झटक्यात दाखवले की पाहिल्याचं त्यांना कळलंही नाही. खरी गोळी घेतलेल्यांचा बदाम कमी भुंकला. त्यांना स्वतःला मनःस्थितीत काही फरक वाटत नव्हता. हिलसाइडच्या नर्सबाईंची आठवण झाली ना? फरक आत सुरू होतो, आपल्याला मागाहून कळतो. म्हणून गोळी चालू केल्यावर आपल्यालाच विचारत बसू नका, “बरं वाटतंय का, बरं वाटतंय का.” घरातल्या एखाद्या समंजस माणसाला सांगा की आठवड्यात किती झटके आले ते कॅलेंडरवर खूण करून ठेवा. महिन्यानं कॅलेंडर बघा.

कुणी म्हणेल, मग तो बदामच काढून टाकला तर? काही दुर्मीळ आजारात तो दोन्हीकडचा निकामी होतो. अमेरिकेतल्या अशाच एका बाईंना संशोधकांनी साप विकणाऱ्या दुकानात नेलं, तर त्यांनी कौतुकानं साप हातात घेतला. भीती म्हणून नाहीच. पण 2013 साली अशाच तीन बायकांना कार्बन डायऑक्साइड जास्त असलेली हवा हुंगायला दिली, आणि तिघींनाही सणसणीत पॅनिकचा झटका आला. साप धरणाऱ्या बाईलासुद्धा! म्हणजे श्वास कोंडल्याची भीती बदामाला वळसा घालूनही, थेट देठातून उठू शकते. कुत्र्याशिवाय आणखी एक घंटा आहे म्हणायची. कितीही शूर बाई असली, रात्री एकटी पाण्याच्या पाळीला जाणारी असली, तरी तिला हा आजार होऊ शकतो.

एक व्यवहाराचं सांगतो. हे स्कॅन संशोधनासाठी असतात. पॅनिकचा आजार आहे की नाही हे पेट किंवा एमआरआयवर ठरत नाही, डॉक्टर तुमचं बोलणं ऐकून ठरवतात. “मेंदूचा फोटो काढून बघू” म्हणून कुणी गंठण गहाण टाकू नका. फिट येणं, एका अंगाची ताकद जाणं अशी दुसरी काही लक्षणं असतील आणि डॉक्टर म्हणाले, तर गोष्ट वेगळी.

आता घरच्यांचा मुद्दा, “तू पहिल्यासारखी राहायची नाहीस.” या गोळ्यांनी माणसाचा स्वभाव पालटत नाही, लेकरं ओळखू येत नाहीत असं काही होत नाही. काहींना मात्र हसू-रडू दोन्ही थोडं बोथट झाल्यासारखं वाटतं, काहींची नवऱ्याजवळ जायची इच्छा कमी होते. हे लाजेनं कुणी बोलत नाही आणि गुपचूप गोळी सोडते. बोला. मात्रा बदलता येते, गोळी बदलता येते. आणि सगळ्यांना पहिल्या गोळीनं गुण येतोच असंही नाही.

सवय लागते का? इथं दोन गोळ्यांची गल्लत होते. मेडिकलमधून आणलेली बारीक गोळी, अल्प्राझोलाम नावाची, अर्ध्या तासात शांत करते. तिची सवय लागते. महिनोन्‌महिने घेतली की मात्रा वाढवावी लागते, आणि एकदम सोडली तर फिटसुद्धा येऊ शकते. डॉक्टर ती थोडे दिवस, आधाराला म्हणून देतात. शेजारणीच्या पाकिटातून उसनी घ्यायची ती वस्तू नाही. आपण ज्यांच्याबद्दल बोलतोय त्या गोळ्यांची अशी तलफ येत नाही. पण त्याही एकदम बंद करायच्या नाहीत. पाटकरी नव्या पातळीला सरावलेला असतो, अचानक पंप सुरू झाला की चक्कर, चिडचिड, डोक्यात करंट मारल्यासारखं होतं. सहसा बरं वाटल्यावरही वर्षभर तरी चालू ठेवतात आणि मग आठवड्या-महिन्यांनी पायरी-पायरीनं उतरवतात.

दिवस गेले असतील, राहण्याचा विचार असेल, अंगावर पाजत असाल, तर आधी सांगा. दुखण्यावरच्या दुसऱ्या गोळ्या चालू असतील तर त्याही दाखवा. आणि पंचविशीच्या आतली मुलगी असेल तर पहिल्या काही आठवड्यांत तिच्याकडे जास्त लक्ष ठेवा. मनात मरणाचे विचार येतायत असं ती म्हणाली, किंवा एकाएकी फार अस्वस्थ झाली, तर त्याच दिवशी डॉक्टरांना गाठा.

चहा आणि मिश्री. हो, मिश्रीसुद्धा. तंबाखू हृदय पळवते, आणि पळणारं हृदय बघून कुत्रं भुंकतं. सकाळ-दुपार-संध्याकाळ दात घासणाऱ्या बायांनी यावर रागावू नये.

आता क्लाईन यांच्या रुग्णाकडे परत येऊ. त्याचे झटके थांबले, पण धास्ती राहिली. गोळीनं कुत्रं निवांत होतं, पण हिप्पोकॅम्पसनं लिहून ठेवलेली “बाजार म्हणजे मरण” ही नोंद आपोआप पुसत नाही. तिच्यावर दुसरी नोंद चढवावी लागते, आणि ती बाजारात गेल्याशिवाय चढत नाही. इथं बचत गट कामाला येतो. आमच्या ओळखीच्या एका गटानं हे फार छान केलं. एक वहिनी दीड वर्ष आठवडी बाजाराला गेल्या नव्हत्या. गोळी चालू होऊन सहा आठवडे झाल्यावर गटातल्या दोघी त्यांना आधी नुसतं वेशीपर्यंत घेऊन गेल्या. मग स्टँडपर्यंत. मग बाजाराच्या कडेला, भाजी न घेता, नुसतं उभं राहायला. तिथं धडधड झाली. दोघींनी “चल घरी” म्हटलं नाही. बाजूला बसवलं, श्वास हळू सोडायला सांगितला, आत घेण्यापेक्षा बाहेर सोडायला जास्त वेळ, आणि गप्पा मारत राहिल्या. धडधड आपोआप उतरली. ती उतरेपर्यंत तिथंच थांबणं, हे सगळ्यांत मोठं काम. मध्येच पळालं तर कुत्रं म्हणतं, बघा, मी भुंकलो म्हणून वाचलात.

त्या वहिनी आता मेथीच्या जुडीवरून घासाघीस करतात, असं ऐकतो.

देवऋषाकडे न्यायचं की नाही, यावर आम्हाला दर वेळी विचारतात. अंगारा लावल्यानं कुणाच्या मनाला आधार वाटत असेल तर त्याच्याशी भांडण नाही. पण बाईला मारणं, धूर देणं, मिरच्यांची धुरी कोंडणं हा छळ आहे आणि गुन्हा आहे. आणि आताच सांगितलं तसं, श्वास कोंडला की झटका वाढतो, त्यामुळं धुरीनं बाधा उतरायच्या ऐवजी आजारच भडकतो.

उपचार कुठं मिळतो? जिल्हा रुग्णालयात मानसोपचार विभाग असतो. तुमच्या ग्रामीण रुग्णालयात डॉक्टर ठराविक दिवशी येतात का, ते आशाताईंना विचारा. जाताना आधीचे ईसीजीचे कागद, चालू गोळ्यांची पाकिटं आणि ते खुणा केलेलं कॅलेंडर सोबत घ्या. बोलण्याचा उपचार करणारं कुणी आहे का, हेही स्वतःहून विचारा, न विचारता सांगतीलच असं नाही. जाणं जमत नसेल तर 14416 हा टेली-मानसचा सरकारी नंबर आहे, 2022च्या ऑक्टोबरपासून सुरू झालेला. फोन फुकट आहे, दिवसा-रात्री कधीही लागतो आणि मराठीत बोलता येतं. लिहून घ्या, पेन नसेल तर चुलीच्या कोळशानं भिंतीवर लिहा: एक, चार, चार, एक, सहा.

ताई, डब्यामागचं ते पाकीट काढून आधी त्याच्यावरची तारीख बघा. मुदत संपली असेल तर ते खाऊ नका. आणि इतके दिवस मध्ये गेलेत, तर आपल्या मनानं परत सुरू करण्याआधी डॉक्टरांना दाखवून मात्रा नव्यानं ठरवून घ्या. जावेला सोबत न्या, म्हणजे घरात सांगायला दोन तोंडं होतील.

पुढच्या मंगळवारी झोपेबद्दल बोलू. बाळंतपणानंतर रात्र-रात्र डोळा लागत नाही, असं दोघी-तिघींनी कळवलंय. नमस्कार.